केंद्र पहिल्या मजल्यावर, नाव यादीत नाही : कोर्टात जाता येतं का?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज कोर्टातून आल्यावर पुन्हा एकदा वाचला. बाकीच्यांसाठी तो थोडक्यात सांगते. तुम्ही नागपूरच्या नंदनवन वस्तीत राहता. 15 जानेवारी 2026 ला महापालिकेचं मतदान होतं. 2024 च्या विधानसभेला आईंनी घरापासून पाच मिनिटांवरच्या शाळेत मत दिलं होतं. या वेळी त्यांचं केंद्र मोठ्या रस्त्यापलीकडच्या दुसऱ्याच शाळेत निघालं, आणि तेही पहिल्या मजल्यावर. आईंचं वय 72, दोन्ही गुडघे गेलेले, वॉकरशिवाय पाऊल टाकता येत नाही. बंदोबस्तावरच्या शिपायाने खुर्चीत बसवून वर नेतो म्हटलं. आई नको म्हणाल्या आणि जिन्याखालूनच परत आल्या. भावाच्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलं होतं. त्याला "तुमचं झालंय, घरी जा" असं सांगण्यात आलं. आणि तुमचं स्वतःचं नाव यादीतच सापडलं नाही. तुम्ही विचारलंय की हा आमच्या हक्काचा भंग नाही का, कोर्टात गेलो तर निवडणूक रद्द होईल का, आणि निदान भरपाई तरी मिळेल का.

मी 22 वर्षं नागपूर खंडपीठात आणि जिल्हा न्यायालयात वकिली करते. त्यातलं बरंच काम मतदार यादी आणि निवडणूक याचिकांचं आहे. म्हणून आधी सरळ उत्तर देते. भंग झालाय, आणि आईंच्या बाबतीत तर तो उघड दिसतो. पण तुम्ही सांगितलेल्या गोष्टींवरून निवडणूक रद्द होणार नाही. भरपाईच्या आशेवर वकिलाची फी भरू नका. मात्र पुढच्या वेळी आई स्वतःच्या पायांनी, वॉकर घेऊन, आत जाऊन मत देऊन येतील एवढी व्यवस्था कायद्याने नक्की करून घेता येते. ते काम आजच सुरू करावं लागेल.

तुमच्या घरात एकाच दिवशी तीन माणसांचं मत हुकलं, म्हणून तुम्ही ती एकच तक्रार धरलीय. त्या तीन तक्रारी आहेत. आईंची तक्रार जागेची, भावाची ओळखीची आणि तुमची यादीची. तिन्हींचे अधिकारी वेगळे, मुदती वेगळ्या. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ लोकांचं नुकसान इथेच होतं. तिन्ही एका कागदावर लिहून एका साहेबाला देतात, तो साहेब म्हणतो माझ्या अखत्यारीत नाही, आणि कागद तिथेच पडून राहतो.

आधी कोर्टाचं बोलू, कारण तुमचा जोर त्यावरच आहे.

निवडणूक जाहीर झाली की निकाल लागेपर्यंत कोर्ट हात घालत नाही. लोकसभा-विधानसभेसाठी हे संविधानाच्या अनुच्छेद 329 मध्ये आहे आणि महापालिका-नगरपालिकांसाठी 243-झेडजी मध्ये. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या धामधुमीतच, जानेवारी 1952 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने पोन्नुस्वामी खटल्यात याचा अर्थ पक्का केला. निवडणूक म्हणजे फक्त मतदानाचा दिवस नाही, अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया. मध्ये काही चुकलं तर निकालानंतर निवडणूक याचिका करा, तोवर थांबा. ऐकायला कठोर वाटतं. पण उलट बाजू बघा. प्रत्येक केंद्रावरून एक माणूस उठून स्थगिती आणू लागला तर कुठलीच निवडणूक पार पडायची नाही. आपल्या नागपूर महापालिकेचंच घ्या. आधीचं मतदान फेब्रुवारी 2017 मध्ये झालं होतं आणि त्यानंतर थेट या जानेवारीत. प्रभाग आणि आरक्षणाच्या वादांत मधली वर्षं गेली, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाला 31 जानेवारी 2026 ही शेवटची तारीख घालून द्यावी लागली. थांबलेल्या निवडणुकीत तर कुणालाच मत देता येत नाही.

या बंद दाराला एक फट आहे. माझी अर्धी वकिली त्या फटीतून चालते, म्हणून ती नीट सांगते. 2000 साली अशोक कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की निवडणूक अडवणारी, लांबवणारी मागणी कोर्टाने ऐकू नये; पण निवडणूक नीट पार पडायला मदत होईल अशी मागणी असेल तर कोर्ट आदेश देऊ शकतं. म्हणजे "हे मतदान थांबवा" असं मागाल तर दार बंद. "या शाळेत रॅम्प करा, हे केंद्र तळमजल्यावर आणा" असं मागाल, आणि वेळेत मागाल, तर न्यायमूर्ती निदान सरकारी वकिलाला विचारतात की यात अडचण काय आहे. कित्येकदा तेवढ्यावरच काम होतं. पुढच्या तारखेला सरकारी वकील उभे राहून सांगतात, साहेब, केंद्र खाली घेतलंय.

कायदाच सरळ सरळ मोडला असेल तर कोर्ट कधी कधी पुढेही जातं. मार्च 2024 मध्ये अकोला पश्चिमची पोटनिवडणूक जाहीर झाली होती. विधानसभेची मुदत संपायला एक वर्षापेक्षा कमी काळ उरला असेल तर पोटनिवडणूक घ्यायची नाही, असं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 151-अ सांगतं. आपल्याच खंडपीठाने ती अधिसूचना रद्द केली. पण हे उदाहरण दाखवून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते की तिथे तारखा समोर होत्या, पुरावा नोंदवायची गरजच नव्हती. तुमच्या प्रकरणात कोण आलं, कुठे अडलं, कोण काय बोललं, हे सगळं सिद्ध करावं लागेल.

आता निकालानंतरची याचिका. विधानसभा-लोकसभेसाठी ती उच्च न्यायालयात, निकालापासून 45 दिवसांत करायची. महापालिकेसाठी सगळीकडे एकच कायदा आहे असं लोक समजून चालतात, पण मुंबईचा कायदा वेगळा आहे हे आधी लक्षात ठेवा. नागपूरला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे आणि त्याच्या कलम 16 प्रमाणे मुदत फक्त 10 दिवसांची, तीही दिवाणी न्यायालयात. निकाल 16 जानेवारीला लागले. तुमचा प्रश्न आला तोवर हे दिवस उलटून गेले होते. आणि समजा तुम्ही नवव्या दिवशी आला असता, तरी मी तुम्हाला याचिका करा असं म्हटलं नसतं. कारण गैरप्रकार झाला एवढं दाखवून निवडणूक रद्द होत नाही. त्यामुळे निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हे सिद्ध करावं लागतं, आणि ते अंदाजाने चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1954 पासून सांगितलेलं आहे. जिंकणारा उमेदवार हजार मतांनी पुढे असेल आणि तुमच्या जिन्यावरून चाळीस म्हातारी माणसं परत गेली असतील, तर कायद्याच्या हिशेबात निकाल बदलत नाही. त्या चाळीस जणांचं दुःख खरं असतं, पण निवडणूक याचिका ते मोजत नाही. हे मी अशिलांना पहिल्याच भेटीत सांगते, कारण खोटी आशा दाखवून वर्षानुवर्षं तारखा घेणं मला पटत नाही.

फरक अगदी थोड्या मतांचा असला तरी हे सोपं होत नाही. 2024 च्या लोकसभेत मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल 48 मतांनी लागला. तिथल्या याचिकेत प्रदत्त मतांचाच, म्हणजे नावावर आधीच दुसऱ्याने मत दिल्यावर खऱ्या मतदाराने दिलेल्या मतांचा, मुद्दा होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली.

प्रदत्त मत हा शब्द तुमच्या भावासाठी फार कामाचा आहे. तुमच्या नावावर आधीच कुणी मत दिलेलं असेल तर केंद्राध्यक्ष तुम्हाला ओळखीचे प्रश्न विचारतो, ओळखपत्र बघतो, आणि खात्री पटली की तुम्हाला कागदी मतपत्रिका देतो. हे मत मशीनवर द्यायचं नसतं. ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात जाते आणि वेगळ्या यादीत तुमची सही होते. म्हणजे भावाला "घरी जा" म्हणणं चूकच होतं. त्याला मतपत्रिका मागायचा हक्क होता. तुम्ही म्हणाल, ते मत मोजतात का? मतमोजणीच्या दिवशी नाही मोजत. मग उपयोग काय? 2008 साली राजस्थानात नाथद्वाऱ्याचा निकाल एका मताने लागला. 62,216 विरुद्ध 62,215. तेव्हा केंद्राकेंद्रांवरच्या प्रदत्त मतांवर उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात वाद झाला. त्या पाकिटात ज्याची मतपत्रिका होती, त्याच्या मताची निदान चर्चा झाली. जो नुसता भांडून घरी गेला, त्याच्याबद्दल कोर्टापुढे बोलायला काही उरत नाही. शिवाय प्रदत्त मतांच्या यादीतली सही म्हणजे माझ्या नावावर दुसऱ्याने मत दिलं याची सरकारी नोंद. पोलिसात तक्रार द्यायची तर त्याचा फार आधार होतो. भावाच्या बाबतीत आता याहून जास्त काही हाती लागेल असं मला वाटत नाही. त्याने महापालिकेच्या झोन कार्यालयाला आणि राज्य निवडणूक आयोगाला लेखी तक्रार देऊन ठेवावी, एवढंच.

आता तुमचं नाव. इथे मी तुम्हालाच दोन प्रश्न विचारते, कारण उत्तर त्यावर अवलंबून आहे. तुमचं नाव विधानसभेच्या यादीत आजही आहे का? आणि नसेल, तर ते कधी आणि कोणत्या कारणाने कमी झालं? महापालिकेची स्वतंत्र मतदार यादी नसते. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतो आणि प्रभागांप्रमाणे तिची फाळणी करतो. या फाळणीत रस्त्याच्या अलीकडची गल्ली पलीकडच्या प्रभागात जाते, आई एका केंद्रावर आणि मुलगा दुसऱ्या केंद्रावर निघतो. तुमच्याकडे तेच झालेलं दिसतं. विधानसभेच्या यादीत नाव शाबूत असेल तर चूक फाळणीची आहे. प्रारूप प्रभाग यादीवर हरकती घ्यायची जी छोटी मुदत मिळते, तेव्हाच ती दुरुस्त होते. महापालिका आपणहून नवीन नाव त्या यादीत घालू शकत नाही.

विधानसभेच्या यादीतूनच नाव गेलं असेल तर प्रकरण गंभीर आहे. नाव वगळण्याआधी नोटीस देणं आणि म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 22 ला तशी अटच आहे. 1995 साली लाल बाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्याचं नाव आधीपासून यादीत आहे, त्याच्या नावाला मान दिला पाहिजे. नुसत्या संशयावर त्याला सगळं पुन्हा सिद्ध करायला लावता येत नाही. बिहारमध्ये 2025 च्या फेरतपासणीत प्रारूप यादीतून 65 लाख नावं बाहेर राहिली, तेव्हा 14 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ती नावं कारणांसह जाहीर करायला लावली. कारण कळलं तरच माणूस हरकत घेऊ शकतो.

कागदावर नोटीस दिलेली असते, पण ती कुठे जाते हे मी बघितलंय. काही वर्षांपूर्वी उत्तर नागपुरातली एक आजी माझ्याकडे आली. रस्त्याच्या कामात त्यांची झोपडपट्टी हलली, कुटुंब दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेलं. जुन्या घराच्या पत्त्यावर नोटीस गेली. ते घर पडलेलं होतं. नोटीस नेणाऱ्याने अर्धवट उभ्या भिंतीवर ती चिकटवली आणि पंचनाम्यात लिहिलं, "सदर इसम राहत नाही." आजी प्लास्टिकच्या पिशवीतून सगळी कार्डं काढून टेबलावर एकेक मांडत होती. शिधापत्रिका, आधार, जुनं मतदार ओळखपत्र, लॅमिनेशनचे कोपरे सुटलेले. "मॅडम, एवढं सगळं हाय नं माह्याजवळ, मग मी कुठं गेली म्हणते थे?" त्या प्रकरणात आम्ही जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अपील केलं. कलम 24 प्रमाणे पहिलं अपील त्यांच्याकडे, आदेशापासून 15 दिवसांत, आणि दुसरं मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. उशीर झालेला होता, तो माफ करून घ्यावा लागला. नाव परत आलं. पण मधली एक निवडणूक तिची गेली, ती कुणालाच परत देता आली नाही.

इथे एक गैरसमज दूर करते. मतदार ओळखपत्र हातात असणं म्हणजे मताचा हक्क असणं, असं पुष्कळांना वाटतं. कायदा यादीकडे बघतो. नाव यादीत असेल आणि कार्ड हरवलं असेल तर आधार, वाहन परवाना, पॅन, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक पासबुक अशा पर्यायी ओळखपत्रांवर मत देता येतं. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरीचं पाणी घराघरांत शिरलं, कित्येकांचे कागद गेले; त्यांनी पुढच्या वर्षी पर्यायी कागदांवरच मत दिलं. उलट कार्ड नवं कोरं असलं आणि नाव यादीत नसलं, तर केंद्राध्यक्षाच्या हातात काहीच नसतं. त्याच्यावर ओरडू नका. तो बिचारा बहुधा एखाद्या शाळेचा शिक्षक असतो आणि आदल्या दुपारपासून तिथेच असतो.

म्हणून तुमच्यासाठी क्रम असा. आज यादीत नाव शोधा. नसेल तर नमुना 6, म्हणजे नाव नोंदवायचा अर्ज, भरा. पत्ता बदलला असेल किंवा नोंदीत चूक असेल तर नमुना 8. यासाठी आता जानेवारीची वाट बघावी लागत नाही. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशा वर्षात चार अर्हता तारखा, म्हणजे मतदाराचं वय मोजायच्या तारखा, आहेत. त्यासोबत वेगळा माहिती अधिकार अर्ज करून विचारा, माझं नाव कोणत्या आदेशाने, कोणाच्या नमुना 7 वरून (नाव वगळायचा अर्ज) कमी झालं, आणि नोटीस कोणत्या पत्त्यावर बजावली. कुणी खोटी माहिती देऊन नाव कापायला लावलं असेल, तर 1950 च्या त्याच कायद्याच्या कलम 31 खाली तो गुन्हा आहे. आणि एक तारीख डोक्यात पक्की ठेवा. विधानसभा-लोकसभेला उमेदवारी अर्ज भरायची शेवटची वेळ उलटली की यादी गोठते. त्यानंतर जिल्हाधिकारी सोडा, उच्च न्यायालयही सहसा नाव घालायला सांगत नाही.

आता आईंकडे येते. खरं तर त्यांच्यासाठीच मी हे एवढं लिहायला बसले.

आपल्याकडे केंद्रावर सोय म्हणजे मेहेरबानी असं समजतात. उचलून नेलं, झालं काम. पण 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम 11 म्हणतं की सगळी मतदान केंद्रं दिव्यांगांना सुगम असतील हे भारत निवडणूक आयोगाने आणि राज्य निवडणूक आयोगाने, दोघांनीही, पाहिलं पाहिजे. राज्य निवडणूक आयोगाचं नाव त्या कलमात घातलेलं आहे, म्हणजे महापालिकेचं मतदानही त्यात आलं. शक्यतो किंवा निधी असल्यास असे शब्द तिथे नाहीत. त्याच्या कितीतरी आधी, 2004 च्या लोकसभेच्या तोंडावर, दिव्यांगांच्या एका गटाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने केंद्रांवर लाकडी रॅम्प करायचे आदेश दिले होते. पुढे मतदान यंत्रावर ब्रेल आकडे आले तेही त्याच लढ्यातून. मघाशी म्हटलेली फट ती हीच. त्यांनी निवडणूक थांबवा असं म्हटलं नाही, आम्हाला आत येऊ द्या एवढंच मागितलं.

रॅम्प आहे की नाही, एवढ्यावर समाधान मानू नका. माझा एक अशील आहे, पोलिओमुळे दोन्ही पाय अधू, शिवणकाम करतो. एका निवडणुकीत त्याच्यासोबत मी केंद्रावर गेले होते. यादीत त्या केंद्रापुढे "रॅम्प : आहे" असं लिहिलेलं. तिथे विटांवर टेकवलेली प्लायवूडची फळी होती. खालच्या टोकाशी फळी आणि फरशी यांच्यात चार बोटांची फट. व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं त्या फटीत जाऊन अडकली. मागून दोघांनी जोर लावला तर फळीच मागे सरकली. मग चारजण धावले, त्याला उचलायला. तो म्हणाला, "मले उचलू नका. मी सामान नाही." आणि बाजूला थांबला. आम्ही टेप मागवला, फळीची लांबी आणि उंची मोजली, कागदावर लिहिली. नियम असा आहे की एक फूट चढायचं तर निदान बारा फूट लांबीचा उतार हवा. तिथे दीड फुटाच्या चढाला पाच फुटांची फळी होती. कोणीही एकटा त्यावरून चढू शकला नसता. केंद्रात मोबाइल नेता येत नाही, म्हणून फोटोचा प्रश्नच नव्हता. मी कोऱ्या कागदावर केंद्राध्यक्षांच्या नावे अर्ज लिहिला, मोजमापासह, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. त्यांनीच मग शाळेतले दोन बाक पाडून त्यांच्या फळ्या खाली लावायला सांगितलं, उतार लांब झाला, आणि तो स्वतः चाकं फिरवत आत गेला. त्या पोचेवर आम्ही पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली. पुढच्या निवडणुकीला त्या शाळेत सिमेंटचा, कठडा असलेला रॅम्प होता. शाळेतल्या मुलांनाही तो वापरता येतो.

आईंच्या बाबतीत काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या लपवत नाही. पहिली म्हणजे त्यांच्याकडे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे का? तुम्ही लिहिलं नाही, बहुधा नसावं. गुडघ्याचा त्रास म्हातारपणाचा म्हणून कुणी प्रमाणपत्र काढत नाही. त्याविना कलम 11 चा आधार कमजोर होतो असं मी म्हणणार नाही, कारण केंद्र सगळ्यांसाठी सुगम हवं आणि भारत निवडणूक आयोगाच्या सूचनांत केंद्र तळमजल्यावर असावं हे आहेच. पण कोर्टात प्रमाणपत्र समोर ठेवलं की अर्धा वाद संपतो. शिवाय ते 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर लोकसभा-विधानसभेला घरून टपाली मत देता येतं. वयाच्या आधारावर ही सोय आता 85 च्या पुढच्यांना आहे, आधी 80 होती, मार्च 2024 मध्ये बदलली. म्हणजे वयावर आई बसत नाहीत. त्यासाठी नमुना 12-डी अधिसूचनेपासून 5 दिवसांत द्यावा लागतो, आणि एकदा तो मंजूर झाला की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. महापालिकेला ही सोय असेलच असं गृहीत धरू नका. आणि माझं मत विचाराल तर आईंनाच विचारा. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना घरी बसून मत द्यायचं नसतं. नवं लुगडं नेसून, शेजारणींसोबत रांगेत उभं राहून द्यायचं असतं.

दुसरी गोष्ट, केंद्र का हललं? नेहमी दुष्टपणाच असतो असं नाही. शाळेची इमारत धोकादायक ठरली असेल, मतदार वाढले म्हणून केंद्र फोडलं असेल, किंवा प्रभाग रचनेत तुमची गल्ली पलीकडे गेली असेल. पण कारण काहीही असलं तरी तुम्हाला ते विचारता येतं. लोकसभा-विधानसभेची केंद्रं 1951 च्या कायद्याच्या कलम 25 प्रमाणे जिल्हा निवडणूक अधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, आयोगाच्या मंजुरीने ठरवतात. त्याआधी प्रारूप यादी लावून हरकती-सूचना मागवतात. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा लांब जावं लागू नये असा दंडक आहे. या हरकतींच्या वेळी तहसील कार्यालयात राजकीय पक्षांचे लोक असतात, सामान्य नागरिक जवळजवळ नसतोच. तिथे दिलेला एक साधा अर्ज, निवडणुकीनंतरच्या दहा निवेदनांपेक्षा जास्त काम करतो.

तर आईंसाठी माझ्या मते काय करायचं ते सांगते. या आठवड्यात एक दिवस त्या शाळेत जा. आता तिथे निवडणूक नाही, मोबाइल चालतो. जिन्याचे फोटो काढा, पायऱ्या मोजा, कठडा आहे का बघा, तळमजल्यावर किती खोल्या आहेत ते लिहा. तळमजल्यावर खोल्या असताना केंद्र वर ठेवलं, ही तुमची सगळ्यात बळकट बाजू ठरू शकते. मग माहिती अधिकारात दोन गोष्टी मागा: त्या केंद्राची मतदानापूर्वी झालेली सुविधा तपासणी, आणि केंद्र बदलण्याचा प्रस्ताव. गल्लीतली आणखी कोण कोण माणसं जिन्यावरून परत गेली, त्यांची नावं, वयं, सह्या घ्या. एकटीचा अर्ज वैयक्तिक गाऱ्हाणं वाटतो, बारा सह्यांचा अर्ज वस्तीचा प्रश्न होतो. हे सगळं जोडून महापालिका आयुक्त, जिल्हा निवडणूक अधिकारी आणि राज्य दिव्यांग आयुक्त, तिघांना द्या. तिन्हीकडची शिक्का-सहीची पोच घ्या आणि ती जपून ठेवा. साठ-नव्वद दिवसांत उत्तर आलं नाही तर खंडपीठात अनुच्छेद 226 खाली याचिका करता येते, आणि तेव्हा समोर कुठलीही निवडणूक नसल्याने 329 ची भिंतही आडवी येत नाही. मागणी एवढीच ठेवा: हे केंद्र तळमजल्यावर आणा किंवा जुन्या शाळेत परत न्या, आणि तपासणीचा अहवाल दाखल करा. त्यात भरपाई घालू नका. ती मागितली की सरकारी वकील फक्त त्याचंच उत्तर देतात आणि जिना तसाच राहतो.

ऐन मतदानाच्या दिवशी पुन्हा असंच झालं तर? 1950 या मतदार मदत क्रमांकावर फोन करा, केंद्राध्यक्षांना लेखी द्या, पोच मागा. पोच देत नसतील तर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन क्षेत्रीय अधिकाऱ्याची वाट बघा, तो दिवसातून चक्कर मारतोच. लोकसभा-विधानसभेला निवडणूक आयोगाच्या ॲपवर (2024 मध्ये ते 'सक्षम' होतं) आधीच व्हीलचेअरची मागणी नोंदवता येते. आणि संध्याकाळी वेळ संपायच्या आत आई रांगेत उभ्या असल्या तर त्यांना मत देऊ द्यावंच लागतं. दार बंद करताना रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत पुढे येतात, म्हणजे मागून कुणी घुसू नये. चिठ्ठी हातात असेपर्यंत हलायचं नाही.

थोडक्यात, भावाने लेखी तक्रार देऊन पुढच्या वेळी प्रदत्त मतपत्रिका मागावी; तुम्ही आजच यादीत नाव शोधून नमुना 6 किंवा 8 भरावा आणि वगळल्याचं कारण मागावं; आणि आईंसाठी शाळेचा जिना मोजण्यापासून सुरुवात करावी. दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात तपासणीची तारीख घ्या. तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून ते सगळ्यात आधी. शाळेच्या पायऱ्यांचा आकडा आणि तळमजल्यावरच्या खोल्यांची संख्या मिळाली की इथेच लिहा. अर्जाचा मसुदा मी करून देते.